लातूरची पांढरी, मुखेडची पिवळी

मार्तंडराव जांबकरांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट न मोजता केली, ती म्हणजे व्याह्यांना शब्द दिला. बाकी सगळं त्यांनी मोजूनच केलं. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. मुखेडपासून किनवटच्या जंगलापर्यंत त्यांनी किती वाकडे बांध सरळ केले आणि त्यापायी किती सरळ भाऊ वाकडे झाले, याची नोंद सरकारदरबारीही सापडणार नाही. निवृत्तीनंतर खात्याची साखळी खात्यात राहिली, पण टेप त्यांच्या खिशातच राहिला. लातूरचा आलोक उर्वीला बघायला आला तेव्हा पोह्यांच्या बश्या यायच्या आत त्यांनी त्याला चौकटीला उभं करून उंची घेतली होती. मुलगा उंचीला भरला आणि लग्न झालं.

तर तो शब्द. आषाढात उर्वीकडची गोड बातमी कळली आणि मार्तंडराव पत्नी तारामतीबाईंना घेऊन नांदेडहून लातूरला जाऊन आले. व्याही शिवशंकर हलगरकर हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पाणी सोडलं तर लातूरचं सगळंच भारतात पहिलं आहे, असं त्यांचं साधं मत. डाळ लातूरची, शिकवण्या लातूरच्या, आणि शेवंती म्हणाल तर तीही लातूरचीच. त्यांच्या अंगणात पांढऱ्या शेवंतीचं मोठं बेट होतं. निघताना त्यांनी झाडाच्या मुळाशी फुटलेलं एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून मार्तंडरावांच्या हाती ठेवलं.

"न्या. पण लातूरच्या मातीतलं हाय बगा. तुमच्या नांदेडात फुलंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

नांदेडच्या माणसाशी असं बोलू नये. चहा चांगला झाला नाही म्हटलं तर तो ऐकून घेईल, पण नांदेडात अमुक जमणार नाही म्हटलं की त्याची मान ताठ होते.

"फुलंल का म्हंजे?" मार्तंडराव म्हणाले. "उर्वीचं डोहाळजेवण आमच्या अंगणात करू, आन् तिची वाडी ह्याच झाडाच्या फुलांची भरू. विकतचं एक फूल आणलं तर मार्तंड नाव सांगणार न्हाई!"

वाडी म्हणजे डोहाळजेवणाच्या दिवशी सातव्या महिन्यातल्या लेकीला हिरव्या साडीवर चढवायचे फुलांचे दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं फुलांचं. त्याला टोपलीभर फुलं लागतात आणि मार्तंडरावांच्या हातात त्या वेळी चार पानांचं एक रोप होतं. शिवशंकरराव मोठ्यानं हसले. विहीणबाई नीलम्मांनी तोंडाला पदर लावला. तारामतीबाईंनी नवऱ्याच्या पायावर हळूच पाय दिला, पण तोवर वेळ निघून गेली होती.

नांदेडला आल्यावर लातूरच्या पांढरीची राजेशाही सोय झाली. फाटकाच्या खांबाला लागून कट्टा बांधला गेला, त्यावर मोठी कुंडी आली, कुंडीत गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत आलं. त्याच आठवड्यात तारामतीबाईंचा भाऊ मुखेडहून आला. बहिणीला आवडते म्हणून त्यानं शेताच्या बांधावरची पिवळी शेवंती एका गोड्या तेलाच्या डब्यात लावून एस.टी.तून मांडीवर आणली होती. मार्तंडरावांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"ही मागं राहू द्या. मोरीपाशी."

"कामून? माह्या माहेरची म्हणून?" तारामतीबाई म्हणाल्या.

"तसं न्हाई. दोन्ही झाडं एकाच घराण्यातले हायेत. एक जिल्ह्याचं, एक तालुक्याचं. शास्त्रीय तुलना करायची तर वेगवेगळे ठेवावे लागतात."

तारामतीबाईंनी डबा उचलला आणि मोरीच्या भिंतीआड, धुण्याच्या दगडाजवळ नेऊन ठेवला. भांड्यांचं खरकटं पाणी तिला मिळेल, एवढीच तिची व्यवस्था झाली.

तुलना मात्र खरोखर सुरू झाली. दर रविवारी आंघोळ झाली की मार्तंडराव दोन्ही झाडांची उंची, फांद्या आणि पानांची लांबी-रुंदी घेत आणि चहाच्या वेळी निकाल जाहीर करत. पांढरी दर रविवारी जिंकत होती. तिची पानं पिवळीच्या दुप्पट रुंद झाली. शेजारचे किशनराव, हे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, निकाल ऐकायला कुंपणाशी हजर असत. कुठलीही गोष्ट वेळेवर येणार नाही असा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

"वाढलं म्हणून फुलंल असं न्हाई," ते म्हणायचे. "पाटी लागली म्हणून गाडी सुटत न्हाई, मार्तंडराव."

याच श्रावणात मार्तंडरावांनी आणखी एक पराक्रम केला. कॉलनीच्या कोपऱ्यावर अंधार असे. तिथल्या खड्ड्यात त्यांचा पाय मुरगळला आणि त्यांनी दिवाबत्तीच्या कार्यालयात जाणं सुरू केलं. नुसतं गेले नाहीत, तर या खांबापासून त्या खांबापर्यंतचं अंतर मोजून गेले. दोन खांबांत किती अंतर असावं आणि आपल्या कॉलनीत ते किती आहे, हे त्यांनी टेबलामागच्या प्रत्येकाला पटेपर्यंत सांगितलं. शेवटी माणसं कंटाळली आणि खांब मंजूर झाला. तो नेमका कुठे रोवायचा यावर वाद झाला तेव्हा मार्तंडरावांनी टेप पसरून सिद्ध केलं, की कॉलनीचा मध्य त्यांच्या फाटकासमोर येतो. तिथेच खांब उभा राहिला. वर पांढराशुभ्र एलईडी दिवा. किशनरावांनी नारळ फोडला आणि मार्तंडरावांनी प्रकाशाचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून, घरातला दिवा न लावता, ते त्या उजेडात पेपर वाचू लागले. वर्तमानपत्रातल्या बातम्याही त्यांना आता जास्त स्पष्ट वाटत.

दसरा आला. मोरीमागच्या पिवळीला ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या धरल्या. पांढरी मार्तंडरावांच्या छातीला लागली, हिरवीगार झाली, पण कळीचा पत्ता नव्हता.

मग सल्ले आले. सल्ल्याला आमच्याकडे बोलावणं लागत नाही. समोरच्या सौदामिनी वहिनी शाळेत शिकवतात. त्यांनी गुळाचं पाणी घालायला सांगितलं. ते घातलं. कळ्या आल्या नाहीत, मुंगळे आले, आणि गॅसची टाकी आणणाऱ्या माणसाच्या पायाला असे डसले की पुढची टाकी त्यानं कोपऱ्यावरच उतरवली. कुणी आंबट ताक सांगितलं. कुणी अंड्याची टरफलं सांगितली. आता जांबकरांच्या घरात अंड्याचं नाव निघत नाही. म्हणून मार्तंडराव अंडाबुर्जीच्या गाड्यावर फक्त टरफलं मागायला गेले. गाड्याच्या उजेडात उभं असताना त्यांना किशनरावांनी नेमकं पाहिलं, आणि आतलं कोणी खाल्लं हा प्रश्न कॉलनीत आठवडाभर चालला. किशनरावांचा स्वतःचा सल्ला वेगळा होता.

"झाडाला धाक न्हाई. रोज सकाळी त्याच्यासमोर विळा घेऊन उभं राहा आन् म्हणा, फुलतूस का तोडू?"

मार्तंडराव विज्ञानाचे माणूस. त्यांनी नकार दिला. मात्र कोजागरीच्या आदल्या दिवशी आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी ते करून पाहिलं. झाडावर परिणाम झाला नाही. दूधवाला फाटकाबाहेरूनच परत गेला.

या सगळ्यावरून मार्तंडरावांनी निष्कर्ष काढला. हवा एक, पाऊस एक, घर एक, काळजी उलट पांढरीची जास्त. तरीही पिवळी फुलते आणि पांढरी फुलत नाही, म्हणजे खोट मुळातच आहे. निष्कर्ष निघाला की तो कळवायचा, ही खात्यातली सवय. त्यांनी तिथल्या तिथे व्याह्यांना फोन लावला.

"शिवशंकरराव, सगळ्या तपासण्या केल्या. आमच्यात काही कमी न्हाई. तुमचं रोपच वांझ निघालं!"

पलीकडे ताट ठेवल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

तारामतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात कणकेचे होते आणि चेहरा उतरलेला.

"आवं, पोरीला दिवस गेलेत! त्यांच्या घरात आपली लेक पोटुशी, आन् तुमी तिच्या सासरी फोन करून हा शब्द काढला?"

"मी झाडाला म्हणालो."

"झाडाला म्हणाले, पण ऐकलं कुणी? जेवायची वेळ, इहीणबाई वाढीत असतील. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, हे तुमाला ठाऊक न्हाई का?"

मार्तंडरावांना ते ठाऊक होतं. म्हणूनच ते नेहमी जरा मोठ्यानं बोलत.

दोन दिवसांनी लातूरहून निरोप आला, तोही आलोककडून. डोहाळजेवण आता लातूरलाच करायचं ठरलं आहे. आईची तशी इच्छा आहे. तुम्ही पाहुणे म्हणून या. फुलांचं आम्ही बघू. मागोमाग उर्वीचा फोन आला.

"बाबा, सासूबाई घासभर जेवून उठतात. माझ्याशी गोड बोलतात, पण डोळ्याला डोळा देत न्हाईत. तुम्ही काय बोलून बसलात हो?" ती म्हणाली. "आन् फुलं तुमचीच पाहिजेत मला. कुठं पण करू द्या. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात."

मार्तंडरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. माणूस अडाणी असता तर चूक झाली म्हणून मोकळा झाला असता. पण मोजून काढलेला निष्कर्ष सोडवत नाही आणि लेकीचा आवाज तर कानातून जात नाही, अशी त्यांची कोंडी झाली. एवढं मात्र त्यांनी ठरवलं की ती पांढरी फुलवायची. शब्द लातूरला दिला होता, पण राखायचा होता उर्वीसाठी.

सकाळी ते झाडाजवळ गेले आणि थबकले. झाडाला कळ्या होत्या. पण सगळ्या झाडाला नव्हत्या. डाव्या अंगाला एक उभा पट्टा होता, तेवढ्यातच त्या बारीक कळ्या दाटीनं बसल्या होत्या. पट्ट्याच्या अलीकडे एक नाही, पलीकडे एक नाही. जणू कोणी हद्द आखून दिली होती. हद्द म्हटल्यावर मार्तंडरावांचं रक्त जागं झालं. टेप निघाला. पट्टा वर रुंद होता, खाली निमुळता. असा आकार या अंगणात दुसरीकडे कुठे आहे, हे ते शोधत राहिले. दिवसभर काही सापडलं नाही. दिवेलागणीला समोरच्या खांबावरचा दिवा लागला आणि फाटकावरची पाटी झाडावर वर रुंद, खाली निमुळती सावली टाकून उभी राहिली. 'मार्तंड जांबकर, सेवानिवृत्त, भूमी अभिलेख.' बरोबर त्या पाटीच्या सावलीत कळ्या होत्या.

मार्तंडराव कट्ट्यावर बसले. मोरीमागं अंधार असतो, पिवळी फुलली. पाटीमागं अंधार असतो. तेवढी पांढरी फुलली. या झाडाला कळी धरायला रात्र लागते, पुरती काळोखी रात्र, आणि ती रात्र आपण स्वतः खेटे घालून, टेप पसरून, नारळ फोडून घालवली. त्यांनी उंची मोजली, पानं मोजली, फक्त उजेड मोजला नाही.

"मग आता फोन करा लातूरला," तारामतीबाई म्हणाल्या. "सांगा, चूक झाली."

"फुलं आल्यावर सांगू. पुराव्याबिगर बोलत न्हाई मी."

"वांझ म्हणताना कोणता पुरावा होता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंडरावांनी चपला घातल्या आणि ते दिवाबत्तीच्या कार्यालयात हजर झाले. तिथला बाबू त्यांना बघून अर्धा उठला.

"आता आणखी खांब पाहिजे का साहेब?"

"न्हाई. लावलेला दिवा बंद पाहिजे. डोहाळजेवण होईपर्यंत."

बाबूनं संगणकात पाहिलं. नवीन दिवा हवा, असं लिहायला जागा होती. दिवा बंद आहे, असं लिहायलाही होती. दिवा चालू आहे, ही तक्रार कुठेच बसेना.

"चालू हाय म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच. मी असं करतो, 'दिवा बंद' मध्ये टाकून देतो. माणूस आला की त्याला तुम्ही तोंडी समजावा."

हा सल्ला मार्तंडरावांना व्यवहारी वाटला. माणूस आलाही, आणि कधी नव्हे ते दुसऱ्याच दिवशी आला. देगलूरकडचा शंकरप्पा म्हणून वायरमन होता. अडचण एवढीच झाली की मार्तंडराव त्या वेळी बाजारात गेले होते. शंकरप्पानं तक्रार वाचली, दिवा बंद. वर चढून पाहिलं तर दिवा चांगला. पण तक्रार आहे म्हणजे काहीतरी असणारच. तक्रारदार तर तो मागचाच मोजणीसाहेब. पुन्हा कटकट नको म्हणून त्यानं जुना दिवा काढला आणि त्याच्या दुप्पट उजेडाचा नवा बसवला. संध्याकाळी मार्तंडरावांच्या मोबाईलवर तक्रार दूर झाल्याचा संदेश आला आणि त्याच वेळी अंगण असं उजळलं की समोरच्या सौदामिनी वहिनींनी पडदे लावून घेतले.

"सरकार ऐकत न्हाई म्हणता ना?" कुंपणापलीकडून किशनराव म्हणाले. "बघा, किती ऐकून राहिलंय!"

आता सरकारवर विसंबण्यात अर्थ नव्हता. मार्तंडरावांनी चार बांबू रोवले, सोयाबीन झाकायची काळी ताडपत्री आणली आणि रोज दिवेलागणीच्या आधी पांढरीला वरपासून खालपर्यंत झाकून दोरीनं आवळायला सुरुवात केली. सकाळी ऊन आलं की उघडायची. कट्ट्याची उंची आणि झाडाची उंची धरून ते प्रकरण उभ्या माणसाच्या वर जाऊ लागलं.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, दिव्याच्या उजेडात, पुरुषभर उंचीचं काहीतरी झाकून ठेवलं तर लोक काय समजतील, हे मार्तंडरावांच्या ध्यानात आलं नाही. लोकांच्या मात्र लगेच ध्यानात आलं. पुतळा! दिवसा तिथे कुंडी दिसते ती नुसती जागा अडवायला, असंही ठरलं. पलीकडच्या गल्लीतली चार तरणी पोरं येऊन सांगून गेली, की साहेब, चांगलं काम केलं, फक्त तोंड पूर्वेला ठेवा. अलीकडच्या गल्लीतली पोरं आली, आम्हाला न विचारता कुणाचा बसवून राहिलात म्हणून. एका भाविक बाईनं पायाशी हळदकुंकू वाहून उदबत्ती लावली. अनावरण कोणाच्या हस्ते, याची चौकशी सुरू झाली. किशनरावांना सगळं ठाऊक होतं, पण ते कोणालाच काही सांगत नव्हते. "वेळ आली की कळंल," एवढंच म्हणत, आणि त्यामुळे गर्दी वाढत होती.

शेवटी तीनेक आठवड्यांनी एका संध्याकाळी पोलिसांची गाडी आली. जमादारानं काठीनं ताडपत्रीला टोचलं.

"परवानगी हाय का?"

"शेवंतीला परवानगी कशाची?"

"साहेब, गंमत करू नका. शांततेचा प्रश्न हाय. कुणाचा हाय ते सांगा."

"लातूरच्या व्याह्यांचा," मार्तंडराव म्हणाले.

जमादार दचकला. हयात माणसाचा पुतळा हे त्यालाही नवीन होतं. दोन्ही गल्ल्यांची पोरं मागं उभी, सौदामिनी वहिनी गच्चीवर, भाविक बाई हात जोडून. मार्तंडरावांनी मोठ्या रुबाबात दोरी सोडली आणि ताडपत्री खाली आली. झाड वरपासून खालपर्यंत कळ्यांनी भरलं होतं. पाटीच्या सावलीतली दोन-चार फुलं तर उमलूही लागली होती. पोरं निराश होऊन पांगली. जमादार कळ्या बघत उभा राहिला. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"माह्या पण लेकीला सहावा चालू हाय," तो म्हणाला. "झाका लवकर. उजेड लागून राहिला." आणि ताडपत्रीचं एक टोक त्यानं स्वतः धरलं.

मार्गशीर्षात डोहाळजेवणाच्या दिवशी पांढरी अशी फुलली, की तिच्यासाठी मार्तंडरावांनी आधी काढलेली सगळी मापं फुकट गेली. तळहाताएवढी फुलं. ती सगळी उतरवून ओल्या धोतरात बांधली आणि नवराबायको लातूरच्या एस.टी.त बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. तारामतीबाई मांडीवर सुईदोरा घेऊन वाडी गुंफत होत्या. चाकूरपाशी पांढरी फुलं संपली, तेव्हा मुकुट आणि हार झाला होता; बाजूबंद, कंबरपट्टा राहिला होता. मार्तंडरावांनी रिकामं धोतर झटकून पाहिलं. तारामतीबाईंनी शांतपणे पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. तिच्यात मुखेडची पिवळी शिगोशीग भरली होती.

"झाली का तुलना?" त्या म्हणाल्या, आणि दोरा ओवला.

हलगरकरांचं अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. शिवशंकररावांनी "या," म्हटलं, पण नमस्कार आखडता होता. नीलम्मांनी तारामतीबाईंना हळदकुंकू लावलं, मार्तंडरावांकडे बघितलं नाही. टेबलावर बाजारातून आणलेली वाडी तयार ठेवली होती, गुलाबाची. मार्तंडराव पाय धुवायला अंगणाच्या कडेला गेले. तिथे भाड्याच्या खुर्च्यांची एवढी मोठी चळत का रचून ठेवली आहे, हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तिच्यामागं डोकावून पाहिलं. मागं शेवंतीचं बेट होतं. हिरवंगार, माजलेलं, आणि त्यावर एकही कळी नव्हती. मार्तंडरावांनी मान वर केली. गच्चीच्या कठड्यावर एक दणदणीत फोकस बसवलेला होता आणि सांज व्हायच्या आधीच तो झाडावर उजेड ओतत होता.

"श्रावणात बसवला," मागून शिवशंकररावांचा आवाज आला. तो नेहमीचा आवाज नव्हता. "उर्वी अंगणातून येत-जात असती. अंधारात पाय घसरू नये म्हणलं."

एरवी मार्तंडरावांनी इथे टेप काढून निकाल सांगितला असता. पण शेजारी नीलम्मा येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दरसाल ह्या दिवसात पान दिसत न्हवतं फुलाखाली," त्या म्हणाल्या. "यंदाच झाड मुकं झालं. घरात सून पोटुशी, आन् अंगणात ही अशी खूण. मी कुणाला बोलले न्हाई. ह्यांना पण न्हाई. रोज पाणी घालताना तेवढंच मनात यायचं. आन् त्यात तुमी फोनवर तो शब्द..."

आपल्या शब्दानं एक बाई दोन महिने सुनेच्या काळजीनं जळत होती, हे मार्तंडरावांना बोचलं. त्यांनी हातातल्या गाठोड्याची गाठ सोडली आणि पांढरा मुकुट नीलम्मांच्या ओंजळीत ठेवला.

"इहीणबाई, हे तुमच्याच झाडाचे फुलं हायेत. त्याच रोपाचे. माझ्याकडं पण न्हवतं फुलत. मी दारात खांब रोवून घेतला होता, तुमी गच्चीवर फोकस लावला. झाडाला रात्र लागती. आपण मायेपोटी उजेड करून ठेवला. झाडात खोट न्हाई, घरात न्हाई, माह्या जिभेत होती. मला माफी द्या."

नीलम्मांनी फुलं नाकाशी नेली. मग त्या वळल्या, उर्वीच्या पाटापाशी गेल्या आणि गुलाबाची वाडी बाजूला सारून त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर पांढरा मुकुट चढवला. हार घातला. दंडाला मुखेडचे पिवळे बाजूबंद बांधले. हिरव्या साडीवर ते पांढरं-पिवळं असं काही उठून दिसलं की बायकांची गाणी क्षणभर थांबली. उर्वीनं लांबून बापाकडे बघितलं आणि हसली.

तेवढ्यात अंधारून आलं. फोटोवाला कॅमेरा सरसावत होता, म्हाताऱ्या बायका चष्मे पुसत होत्या. नीलम्मा पाटापासून उठल्या, ओसरीवर गेल्या आणि त्यांनी खटकन फोकसचं बटन दाबलं. अंगणात एकदम अंधार झाला. राहिला तो ओवाळणीच्या निरांजनाचा उजेड.

"अगं, लाईट कामून घालवली?" शिवशंकरराव ओरडले. "लोकांना दिसत न्हाई!"

"ज्याला दिसत न्हाई त्यानं जवळ सरकून बसावं," नीलम्मा म्हणाल्या.

मग सगळे खुर्च्या ओढत उर्वीच्या जवळ सरकले. जागा थोडी होती, त्यामुळे दोन्ही व्याह्यांना एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसावं लागलं.